चूक दाखवणाऱ्याचं पुढे काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा: "पूर्वीचं सॉफ्टवेअर एकदा बसवलं की वर्षानुवर्षं चालायचं. आता आठवड्याला अपडेट येतो आणि तरी काही ना काही अडतंच. हा प्रोग्रामरांचा आळस की कंपन्यांचा लोभ? या धंद्यात मुरलेल्या कुणीतरी सांगावं. आणि कृपा करून राजकारण, इतिहास मध्ये न आणता सांगावं."

मी २७ वर्षं याच कामात आहे. सुरुवातीला टेस्टिंग केलं, नंतरची बरीच वर्षं देखभाल, म्हणजे दुसऱ्याने लिहून सोडून दिलेला कोड सांभाळणं. प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर देतो. शेवटची अट मात्र मला पाळता येणार नाही. ती का पाळता येत नाही, हे सांगण्यातच उत्तराचा मोठा भाग जाईल.

आधी जुन्या सॉफ्टवेअरबद्दल. ते काही बाबतींत खरोखर चोख असायचं आणि त्याचं कारण साधं आहे: ते परत बोलावता येत नसे. सीडी छापायला गेली की विषय संपला. नंतर चूक सापडली तर नव्या सीडी छापा, पाकिटं भरा, प्रत्येक गिऱ्हाइकाला पोस्टाने पाठवा. त्या खर्चाच्या धाकाने शेवटचे काही आठवडे कोडला कुणी हात लावायचा नाही, फक्त चाचणी चालायची. आज रिलीजचं बटण संध्याकाळी पाचला दाबता येतं, कारण काही बिघडलंच तर सहाला दुसरं बटण दाबता येतं. पूर्वी जी तपासणी माल बाहेर पडण्याआधी व्हायची, तिच्यातली बरीचशी आता वापरणाऱ्याच्या टेबलावर होते. तुम्हाला जे जाणवतंय ते खरं आहे.

पण आठवणीवरही फार भिस्त ठेवू नका. त्याच काळात एक प्रोग्राम अडकला की अख्खं मशीन बंद पडायचं. दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय बोटांनाच लागलेली होती. जे प्रोग्राम टाकाऊ होते ते आपण विसरलो, टिकले तेवढेच लक्षात राहिले. शिवाय ते मशीन बहुतेक वेळा कुठल्या नेटवर्कला जोडलेलंच नसायचं, त्यामुळे बाहेरून येऊन कुणी कुलूप हलवून बघत नव्हतं. आणि तुमची तक्रार तर माझ्या जन्माच्याही आधीची आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली होती. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्दप्रयोग तिथून रुळला. तिथली चिंता हीच होती की मोठी सॉफ्टवेअर वेळेत होत नाहीत, ठरलेल्या खर्चात बसत नाहीत आणि झाली तरी भरवशाची नसतात.

आजचा एक फरक मात्र मोठा आहे. आपण आता सगळं स्वतः लिहीत नाही, दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडच्या शेकडो छोट्या तुकड्यांवर आपली भिंत बांधतो. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने वादातून आपले तुकडे सार्वजनिक साठ्यातून काढून घेतले. त्यातला 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक तुकडा जेमतेम अकरा ओळींचा होता. तेवढ्याने जगभर मोठमोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांचं काम काही तास अडलं. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' ही चूक उघड झाली, ती ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलपांचा मोठा हिस्सा ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये. ते सांभाळायला पूर्णवेळ माणूस जवळपास एकच होता आणि देणग्या वर्षाकाठी साधारण २,००० डॉलर येत होत्या.

आता आळस आणि लोभ. दोन्ही असतात, नाही कशाला म्हणू? पण त्यांनी एक गोष्ट उलगडत नाही. एकाच कंपनीत, त्याच माणसांच्या हातून, एक बग, म्हणजे कोडमधली चूक, दोन तासांत दुरुस्त होतो आणि दुसरा पाच वर्षं जिवंत राहतो. माणसं तीच, पगार तोच, साहेबही तोच. मग फरक कशाने पडतो? याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते एका बाईंच्या टेबलाशेजारी बसून मिळालं.

नोकरीला पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही गोदामांसाठी मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करत होतो. एका गिऱ्हाइकाकडून तक्रार यायची की आलेल्या मालाची नोंद कधीकधी दोनदा पडते. आमच्या यादीत ती तक्रार तीन वेळा नोंदली गेली होती आणि तिन्ही वेळा 'पुन्हा घडवता आलं नाही' असा शेरा मारून बंद झाली होती. त्यातला एक शेरा माझा होता. पुढे दुसऱ्याच कामासाठी मला त्या ऑफिसात जावं लागलं. नोंदी करणाऱ्या बाईंच्या शेजारी खुर्ची मिळाली. त्यांच्या मॉनिटरच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: 'सेव्हनंतर दहापर्यंत मोजणे.'

मी विचारलं, हे कशासाठी? त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. चार रकाने आखलेले: तारीख आणि वेळ, पावती क्रमांक, स्क्रीनवर काय दिसलं, प्रत्यक्षात काय होतं. चौदा महिन्यांच्या नोंदी. मी म्हणालो, एकदा न मोजता करून दाखवता का? त्यांनी नेहमीच्या वेगाने नोंद केली. उजवा हात आकड्यांच्या पॅडवर, नजर पावतीवर, कीबोर्डकडे एकदाही नाही. शेवटच्या रकान्यात एंटर मारला की कर्सर 'सेव्ह'वर जायचा, दुसऱ्या एंटरने सेव्ह व्हायचं. मग नवा फॉर्म यायचा. त्यात तारीख आधीच भरलेली असायची, म्हणून ती ओलांडायला आणखी एक एंटर. हे तीन एंटर त्यांच्या हातात एका ठेक्यात बसले होते. आमच्या ऑफिसात सर्व्हर पलीकडच्या खोलीत होता, सेव्हचं उत्तर पापणी लवायच्या आत यायचं. त्यांच्याकडे फोनच्या तारेवरून यायला दोन-तीन सेकंद लागत. तेवढ्यात तिसरा एंटर पडायचा, आणि तो तारखेवर न पडता पुन्हा 'सेव्ह'वरच पडायचा. आम्ही चाचणी करताना एका बोटाने टाइप करायचो आणि प्रत्येक टप्प्याला स्क्रीनकडे बघायचो. त्यामुळे आम्हाला ती चूक शंभर वर्षांत दिसली नसती.

दुरुस्ती चार ओळींची होती. एकदा दाबल्यावर उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवायचं, बस्स. पण त्या बाई काय म्हणाल्या ते माझ्या मनातून आजवर गेलं नाही. "मी तीनदा कळवलं होतं. तिसऱ्यांदा तुमच्याकडून उत्तर आलं की कर्मचाऱ्यांना पुन्हा ट्रेनिंग द्या. मग साहेबांनी मला लेखी खुलासा मागितला." चूक आमची होती आणि लेखी खुलासा त्यांनी दिला होता.

तेव्हापासून मी कुठल्याही बिघाडाकडे पाहताना एकच गोष्ट आधी शोधतो: ही चूक पहिल्यांदा कुणाला दिसली, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं? कोड चांगला की वाईट हे त्यानंतर. ज्या बगची झळ सही करणाऱ्या साहेबाला लागते तो दोन तासांत जातो. ज्याची झळ फक्त खालच्या माणसाला लागते आणि ज्याच्या तक्रारीला 'तुम्हालाच वापरता येत नाही' असं उत्तर मिळतं, तो बग वर्षानुवर्षं राहतो.

वेगाने टाइप करणाऱ्या बाईंची गोष्ट पुढे मला एका फार भयंकर प्रकरणात पुन्हा भेटली. थेरॅक-२५ हे कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली आणि त्यातले किमान तिघं त्यानेच दगावले. टेक्ससमधल्या टायलर गावी मार्च १९८६ मध्ये यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप केला. चूक लगेच लक्षात आली म्हणून त्या कर्सर वर नेऊन ती पटकन सुधारून पुढे गेल्या. हातात इतका सराव की सगळं आठ सेकंदांच्या आत झालं. यंत्राची जुळवाजुळव चालू असताना झालेला तो बदल सॉफ्टवेअरने टिपलाच नाही. पडद्यावर आलं 'मालफंक्शन ५४'. असे संदेश दिवसातून कितीतरी वेळा यायचे आणि त्यांचा धड अर्थ कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे पुढे जाण्याची कळ दाबली. उत्पादक कंपनीचे लोक येऊन म्हणाले की या यंत्रातून जादा मात्रा जाऊच शकत नाही, विजेचा धक्का बसला असेल. तीन आठवड्यांनी तिथेच, त्याच तंत्रज्ञ बाईंच्या हातून, दुसरा रुग्ण भाजला.

शेवटी उलगडा केला तो रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने. त्याने त्या बाईंना शेजारी बसवलं आणि तेच टाइपिंग पुन्हा पुन्हा करायला लावलं, चूक हुकमी घडेपर्यंत. त्याने त्यांना ट्रेनिंगला पाठवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. नंतर कळलं की आधीच्या थेरॅक-२० मध्येही हीच चूक होती. पण त्यात सुरक्षेची वेगळी यांत्रिक कडी होती, त्यामुळे फक्त फ्यूज उडायचा. नव्या यंत्रात सॉफ्टवेअरवर विश्वास टाकून ती कडी काढून टाकली होती.

इथवर राजकारण आलं नाही. आता येतं.

ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये 'होरायझन' ही हिशेबाची संगणक यंत्रणा बसवली. शाखा चालवणारे सब-पोस्टमास्टर हे खात्याचे पगारी नोकर नव्हते, करारावर काम करणारी माणसं होती. खात्याने त्या कराराचा लावलेला अर्थ असा की हिशेबात तूट आली तर ती त्यांनी स्वतःच्या खिशातून भरायची. एका गावातल्या पोस्टमास्टर बाई, जो हॅमिल्टन, यांच्या स्क्रीनवर साधारण २,००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, तिकडून सांगतील तसं करत गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. पुढे त्यांच्यावर खटला झाला. अनेकांना हेल्पलाइनवर एकच उत्तर मिळायचं: ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय. १९९९ ते २०१५ या काळात ९०० पेक्षा जास्त जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, घरं गेली, काहींनी जीव दिला. बहुतेक खटले टपाल खात्याने स्वतःच चालवले होते. म्हणजे ज्याची यंत्रणा, तोच तपास करणारा आणि तोच फिर्यादी.

यातला एक बग वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. स्कॉटलंडमधल्या डॅल्मेलिंग्टनच्या शाखेत २०१५ मध्ये रोकड मिळाल्याची नोंद करताना स्क्रीन गोठायचा. माणूस पुन्हा एंटर दाबायचा आणि प्रत्येक एंटरला तीच रोकड पुन्हा जमा दाखवली जायची. २४,००० पौंडांचा फरक पडला. शोध घेतल्यावर दिसलं की आधीच्या पाच वर्षांत हे शंभराहून जास्त वेळा घडून गेलं होतं. माझ्या त्या गोदामाच्या बगचा हा सख्खा भाऊ.  तिकडे लेखी खुलाशाच्या जागी कोर्टाचं समन्स येत होतं, एवढाच काय तो फरक.

आता प्रोग्रामरच्या आळसाने ९०० माणसं दोषी ठरतात का? नाही. त्यासाठी कायदा लागतो. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यात ६९ वं कलम होतं. संगणकातून निघालेला कागद पुरावा म्हणून आणायचा तर तो संगणक नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवायचं. हे जाचक वाटतं, प्रत्येक खटल्यात कोण एवढं सिद्ध करत बसणार, असं म्हणून १९९९ मध्ये संसदेने ते कलम रद्द केलं. उरलं ते जुनं गृहीतक: यंत्र बरोबर चालत होतं असं कोर्टाने धरून चालायचं, उलटं सिद्ध करायचं ते आरोपीने. आणि आरोपीकडे ना कोड, ना लॉग (यंत्रणेने आपोआप ठेवलेली नोंद), ना त्या यंत्रणेत शिरायची परवानगी. ज्या सुमारास हे कलम गेलं त्याच सुमारास होरायझन शाखाशाखांमध्ये बसत होतं. 'कॉम्प्युटर कशाला चुकेल?' हे आपण चहा पिताना सहज बोलतो ते वाक्य तिथे न्यायाची रीत होऊन बसलं. अ‍ॅलन बेट्स या पोस्टमास्टरच्या पुढाकाराने ५५५ जणांनी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने यंत्रणेत दोष असल्याचं मान्य केलं. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, त्यांत जो हॅमिल्टन होत्या. उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला.

म्हणून मी म्हणतो की राजकारण न आणण्याची ती अट पाळता येणार नाही. तक्रार कुणाची खरी धरायची, खुलासा कुणाकडून मागायचा, सिद्ध करायचा बोजा कुणावर टाकायचा, हे सगळे सत्तेचे प्रश्न आहेत. ते सुटल्याशिवाय उत्तम प्रोग्रामर आणूनही भागत नाही.

आणि हे संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. चीनमध्ये १९५८ साली 'मोठी झेप' ही उत्पादन झपाट्याने वाढवायची सरकारी मोहीम सुरू झाली. खालच्या अधिकाऱ्यांनी वरच्यांना खूश करायला धान्याचे फुगवलेले आकडे कळवले आणि त्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं. जुलै १९५९ मध्ये लुशान इथल्या बैठकीत संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी माओंना पत्र लिहून सांगितलं की धान्याचे आकडे फुगवलेले आहेत. ते पत्र माओंनी सगळ्यांना वाटलं, पंग यांच्यावर पक्षविरोधाचा ठपका ठेवला आणि त्यांचं पद काढून घेतलं. मग खरा आकडा कोण कळवणार? दुष्काळ आणखी दोन वर्षं चालला आणि त्यात कोट्यवधी माणसं मेली. मी हे आमच्या धंद्याच्या भाषेत वाचतो तेव्हा मला एवढंच दिसतं: अचूक बग रिपोर्ट आला होता, वेळेत आला होता, योग्य माणसाकडे आला होता.

चेर्नोबिलचंही तेच. त्या जातीच्या अणुभट्टीत नियंत्रणाचे दांडे पूर्ण वर काढलेले असताना परत आत घातले तर पहिल्या काही क्षणांत शक्ती कमी होण्याऐवजी वाढू शकते, हे १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्राच्या चाचण्यांत दिसलं होतं. भट्टीची रचना करणाऱ्यांना ते ठाऊक होतं. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलच्या पाळीवर असलेल्यांना त्याचं गांभीर्य कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी भट्टी थांबवायचं बटण दाबलं. पहिला आंतरराष्ट्रीय अहवाल मुख्यतः चालवणाऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवणारा होता आणि १९८७ मध्ये केंद्रातल्या माणसांना शिक्षा झाल्या. १९९२ च्या सुधारित अहवालात भट्टीच्या रचनेतले दोष ठळकपणे पुढे आले. 'युजरची चूक' हा शेरा पुसायला सहा वर्षं लागली.

कधीकधी तर राजकारण थेट कोडमध्ये लिहिलेलं असतं. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या कायद्याने मजबूत संगणकीय कुलूप हे शस्त्रास्त्रांच्या यादीत बसवलं होतं. देशाबाहेर पाठवायच्या ब्राउझरमध्ये मुद्दाम कमकुवत, ४० बिटांची किल्ली घालावी लागे. १९९५ मध्ये एका फ्रेंच संशोधकाने ओळखीच्या ठिकाणच्या संगणकांवर आठ दिवसांत ती फोडून दाखवली. जाणकार कळकळीने सांगत होते की एकदा घातलेलं कच्चं कुलूप नंतर सगळीकडून काढता येत नाही. निर्बंध २००० च्या सुमारास सैल झाले, पण ते कच्चे प्रकार सर्व्हरांमध्ये 'जुन्यांसाठी असू दे' म्हणून पडून राहिले. २०१५ मध्ये 'फ्रीक' आणि 'लॉगजॅम' हे दोन हल्ले उघड झाले, ते नेमके याच उरलेल्या तुकड्यांवर. ज्या सरकारने नियम केला होता त्याच्याच गुप्तचर संस्थेची वेबसाइट 'फ्रीक'च्या तडाख्यात सापडणाऱ्यांत होती. मी स्वतः त्या आठवड्यात रात्रीरात्री जागून जुने सर्व्हर तपासले आहेत. वीस वर्षांपूर्वीच्या एका सरकारी निर्णयाची ती साफसफाई होती.

आता याची दुसरी बाजू, कारण हे सगळं अटळ आहे असं मला अजिबात वाटत नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ उतरू पाहणारं टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं आणि ९२ माणसं गेली. नियंत्रकाच्या 'धावपट्टीकडे यायला परवानगी आहे' या अर्थाच्या शब्दांचा वैमानिकांनी एक अर्थ घेतला होता, नियंत्रकाचा दुसरा होता. चौकशीत समोर आलं की सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगराला थोडक्यात चुकलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते कळवलंही होतं आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं होतं. बाकी कुणाला कळलं नाही. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने स्वतःची नकळत झालेली चूक दहा दिवसांच्या आत कळवली तर दंडातून सूट. नाव काढून टाकलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते अहवाल दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाहीत, नासाकडे जातात. हे शेवटचं कलम कुणाच्या डोक्यातून आलं असेल त्याला माझा नमस्कार. तपास करणारा आणि शिक्षा करणारा वेगळा ठेवला, म्हणून माणसं बोलली.

सॉफ्टवेअरमध्येही असं घडलंय. अमेरिकेच्या स्पेस शटलचं उड्डाणाचं सॉफ्टवेअर सुमारे ४,२०,००० ओळींचं होतं आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याच्या लागोपाठ तीन आवृत्त्यांत प्रत्येकी एकच चूक सापडली होती. तिथे चूक सापडली की ती कुणी केली याच्याआधी विचारत, आपल्या कामाच्या पद्धतीतल्या कुठल्या फटीतून ती निसटली, आणि तशाच फटीतून आणखी काय निसटलं असेल. अर्थात त्यासाठी शेकडो माणसं आणि वर्षाकाठी कोट्यवधी डॉलर होते. प्रत्येकाला ते परवडणार नाही, हे मीही जाणतो. पण चूक कळवणाऱ्याला आदराने ऐकून घ्यायला पैसे लागत नाहीत.

आमच्या टीममध्ये मी दोनच नियम आग्रहाने लावले. तक्रार बंद करायचा अधिकार ती नोंदवणाऱ्यालाच, आम्हाला नाही. आम्ही फक्त 'आमच्या मते झालं' असं लिहू शकतो. पहिले सहा महिने आमचे आकडे इतके वाईट दिसले की वरून विचारणा झाली. आणि 'पुन्हा घडवता आलं नाही' असं लिहायचं असेल तर त्याआधी वापरणाऱ्याच्या शेजारी बसून, निदान त्याचा स्क्रीन त्याच्याच वेगाने पाहून यायचं. यामुळे आमचे प्रोग्रामर अचानक हुशार झाले नाहीत. तेच लोक आहेत. पण पूर्वी ज्या चुका आम्हाला 'दिसतच नव्हत्या' त्या दिसायला लागल्या.

नव्या पिढीचे सहकारी विचारतात की आता एआय कोड लिहितो आणि तपासतोही, मग हे सगळं कशाला? मी त्या साधनांचा रोज वापर करतो, काम झपाट्याने होतं. पण मला भीती वाटते ती १९९९ च्या त्या गृहीतकाची. कर्जाचा अर्ज नाकारला, खातं गोठवलं, हजेरी कापली, आणि विचारायला गेलं की 'सिस्टिमने ठरवलंय'. ते का ठरवलं हे समोर बसलेल्या माणसालाही सांगता येत नाही. तिथे माणसाने दाद कुठे मागायची, हे आधी ठरलं पाहिजे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढच्या वेळी काही अडलं की ताबडतोब रीस्टार्ट करू नका. आधी स्क्रीनचा फोटो काढा. वेळ लिहा. शेवटच्या तीन गोष्टी काय दाबल्या ते लिहा, आणि किती भराभर दाबल्या तेही. तक्रार तोंडी करू नका, तिचा क्रमांक मागून घ्या. 'अजून कुणाला असं झालंय का?' हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा. पैशाचा मामला असेल तर तुमचा स्वतःचा हिशेब कागदावर वेगळा ठेवा. कुणी म्हणालं की चूक तुमचीच आहे, तर त्या वेळचा लॉग दाखवा म्हणून सांगा.

लिहायला रकाने हवे असतील तर त्या गोदामातल्या बाईंचेच घ्या: तारीख आणि वेळ, पावती क्रमांक, स्क्रीनवर काय दिसलं, प्रत्यक्षात काय होतं. त्या दिवशी मी ते वहीवरून उतरवून आणले होते. आमच्या तक्रारीच्या फॉर्मवर आजही तेच चार रकाने, त्याच क्रमाने आहेत.